सुट्टीआधीचा कोंबडा

दर शुक्रवारी मुलीच्या वहीत एक कागद चिकटवून यायचा. या आठवड्यात वर्गात काय शिकवलं, ते त्यावर लिहिलेलं असायचं. ज्युनिअर केजीत माणूस शिकून शिकून शिकणार काय, असं मला आधी वाटायचं. पण संध्याकाळी चहा पिता पिता तो कागद वाचायची सवय लागली, आणि एखाद्या शुक्रवारी तो आला नाही तर चुकल्यासारखं व्हायला लागलं.

दसऱ्याच्या आधी कागदावर होतं: केशरी रंग, त्रिकोण, वीसपर्यंत आकडे, आपट्याचं पान ओळखणे. त्याच्या पुढच्या आठवड्यात पणती, आकाशकंदील आणि कात्रीने रेघेवरून कापणे. त्याखाली लाल पेनाने रेघ मारून लिहिलं होतं की प्राण्यांचे आवाज, मोठा आवाज आणि लहान आवाज हे शिकवून झालं आहे, दिवाळीच्या सुट्टीआधी त्याची तोंडी घेतली जाईल.

"अगं, साडेचार वर्षांच्या पोरांची तोंडी परीक्षा!" मी बायकोला म्हणालो. "मला दहावीच्या तोंडीला घाम फुटला होता."

"तिला कोंबडा आलाय," बायको म्हणाली. वर्गात चिठ्ठ्या टाकल्या होत्या. कोणाला गाय, कोणाला सिंह, आमच्या पोरीला कोंबडा. मला बरं वाटलं. कोंबडा सोपा. लातूरकडच्या आमच्या गावात पोरं बोलायला शिकायच्या आधी कोंबड्यासारखी आरवायला शिकतात.

सोमवारी शाळेतून निरोप आला की टीचरने भेटायला बोलावलंय, आणि शक्यतो वडिलांनी यावं.

शाळा आमच्या काळेवाडीतच, दोन गल्ल्या सोडून. खाली पिठाची गिरणी, वर दोन मजले शाळा. बोर्डावर इंग्लिश मीडियम, आत सगळा कारभार मराठीत, आणि मधल्या सुट्टीत पोरं भांडतात हिंदीत. मी रात्रपाळी करून कंपनीच्या बसमधून उतरलो तो तसाच तिथे गेलो. टीचर अगदी तरुण, हातात अजून हिरव्या बांगड्या. तिने मला पोरांच्या खुर्चीवर बसायला सांगितलं आणि तेव्हाच मला कळायला हवं होतं की बोलणं अवघड आहे, कारण ती स्वतः उभीच राहिली.

"तुमची मुलगी वर्गात बोलत नाही," ती म्हणाली.

"म्हणजे शांत आहे."

"शांत नाही. बोलतच नाही. जूनपासून मी तिचा आवाज ऐकलेला नाही."

मला हसूच आलं. "मॅडम, तुमची काहीतरी गडबड होतेय. घरी ती पोपटासारखी बोलते. संध्याकाळी मला धड चहा पिऊ देत नाही."

टीचर हसली नाही. ती म्हणाली की आवाजांची तयारी करून घेताना तिने माझ्या मुलीला पुढे बोलावलं होतं. मुलगी आली, उभी राहिली, मान वर केली, तोंड उघडलं. ओठ हलले, पण आवाज आला नाही. पोरं हसली. मुलगी जागेवर जाऊन बसली. हे तीनदा झालं. लिहायला तिला सगळं येतं, रंग येतात, कापणं तर सगळ्यात सुबक. पण विचारलं तर बोटाने दाखवते.

"सुट्टीआधी मला प्रत्येकाचा रिपोर्ट द्यायचाय," ती म्हणाली. "मोठ्या मॅडम म्हणतात, आधी कान तपासून घ्या. आणि कान चांगले असूनही बोलली नाही, तर दिवाळीनंतर तिला इथे ठेवता येणार नाही. वेगळी शाळा बघावी लागेल."

"वेगळी म्हणजे कसली?"

टीचर टेबलावरच्या वह्या सारख्या करायला लागली. माझं टाळकं सरकलं. तुम्हाला शिकवता येत नाही आणि खोट पोरीत काढता, असं काहीतरी मी बोललो. आणखीही बोललो, ते लिहिण्यासारखं नाही. मला राग पटकन येतो आणि तो उतरला की मग मी कुठेतरी तोंड लपवतो. त्या दिवशी जिन्यातच उतरला. खाली गिरणीवाल्याने "काय राव, आज इकडं कुठं?" म्हणून विचारलं, त्यालाही मी नीट उत्तर दिलं नाही.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याला टेकून रडली. रडलीसुद्धा आवाज न करता. त्या वेळी मला त्यात काही वेगळं वाटलं नाही.

वेगळी शाळा. हे दोन शब्द तीन दिवस माझ्या डोक्यात प्रेसच्या ठोक्यासारखे आपटत होते. मी चाकणला एका कारखान्यात प्रेस शॉपला आहे. पत्र्याचे भाग दाबून काढायचे, ठोका पडला की पायाखालची जमीन हलते. तिथे विचार करायला फुरसत नसते असं लोकांना वाटतं. उलट तिथेच विचार फार येतात, कारण बोलायची सोय नसते. आपल्या खानदानात कोणी मुकं होतं का? लहानपणी ती पलंगावरून पडली होती, त्याचं काही? मी गावाकडच्या दाजींना फोन करून गावच्या देवाला नारळसुद्धा बोललो.

गुरुवारी माझी सुट्टी. आमच्या पट्ट्यात बऱ्याच कंपन्यांना रविवार नाही, गुरुवार असतो. त्यामुळे पोरीची सुट्टी आणि माझी सुट्टी कधी एका दिवशी येत नाही. त्या गुरुवारी तिची शाळा बुडवून आम्ही तिघं कानाच्या दवाखान्यात गेलो.

कान तपासायची खोली आतून सगळी स्पंजने मढवलेली. मुलीच्या पुढ्यात रंगीत ठोकळे आणि एक प्लास्टिकची बादली ठेवली. दोन बाजूंच्या स्पीकरमधून बारीक आवाज येणार, आवाज आला की एक ठोकळा बादलीत टाकायचा. तपासणाऱ्या बाई काचेपलीकडे बसल्या. मला मुलीच्या शेजारी स्टुलावर बसवलं, तिला भीती वाटू नये म्हणून. खरं म्हणजे भीती मलाच वाटत होती.

पहिला आवाज आला, ठोकळा पडला. दुसरा आला, पडला. मग आवाज बारीक बारीक होत गेला. मग बंद झाला. तरी पोरगी ठोकळे टाकतच होती. तिला काहीही कळलेलं नाही, ती नुसती खेळतेय, असं वाटून मी काचेकडे बघून हात हलवला. बाईंनी दार उघडलं.

"ती उगाच टाकतेय हो," मी म्हणालो.

"उगाच नाही, अगदी बरोबर टाकतेय," बाई म्हणाल्या. "तुम्हाला शेवटचे आवाज ऐकू आले नाहीत का?"

"कुठले आवाज?"

बाईंनी माझ्याकडे जरा निरखून बघितलं. "कामाला कुठे आहात?"

"प्रेस शॉपला."

"किती वर्षं झाली?"

"बारा."

"मग हिचं झालं की तुम्ही बसा इथे," त्या म्हणाल्या. दाराबाहेर थांबलेली बायको पदर तोंडाला लावून हसली. तीन दिवसांत पहिल्यांदा हसली. मुलीचे कान उत्तम निघाले, माझे कसे निघाले ते विचारू नका. बाहेर येऊन आम्ही भेळ खाल्ली, पोरीला फुगा घेतला, आणि मला एवढं मोकळं वाटलं की भेळवाल्याला मी न विचारता सांगून टाकलं, "भाऊ, कान एकदम ओके आहेत." तो म्हणाला, "बरं झालं. तिखट टाकू का?"

पण घरी पोचेपर्यंत तो मोकळेपणा विरला. कान चांगले, मग आवाज का नाही? कानात बिघाड असता तर यंत्र लावून भागलं तरी असतं, असं माझ्या मनात आलं. आणि असं मनात आल्याची लाजही वाटली. त्या संध्याकाळी ती माझ्या मांडीवर बसून बडबड करत होती, आपट्याचं पान सोन्याचं का म्हणतात ते मला समजावत होती, आणि मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. हा आवाज गिरणीवरचा जिना चढला की जातो कुठे?

शनिवारी बसमधून उतरल्यावर मी म्हटलं, आज पोरीला शाळेत मीच सोडतो. दारात मावशी उभी होती. पोरांना आत घेणं, शू-शीला नेणं, डबे उघडून देणं, ही तिची कामं. मूळची इथलीच, गावठाणातली. सासऱ्याच्या ज्वारीच्या रानात आता सोसायट्या उभ्या आहेत, पण घरी नुसतं बसवत नाही म्हणून ती शाळेत येते. मुलीने तिचा पदर ओढला, मावशी खाली वाकली, मुलीने तिच्या कानात काहीतरी सांगितलं आणि आत पळाली.

"मावशी," मी विचारलं, "ती तुमच्याशी बोलते?"

"आता काय? लई बोलती की."

"टीचर म्हणतात बोलत नाही."

"तशी न्हाई बोलत. कानात बोलती. मी म्हनलं, अगं बये, मोठ्यांदा बोल, मला म्हातारीला कुठं ऐकू येतंय. तर मलाच गप करती. म्हनती, मावशी, हळू. सगळ्यांचे पप्पा झोपलेत."

मला आधी काही कळलं नाही. मग कळलं, आणि मी तिथेच गिरणीच्या पायरीवर बसलो.

दोन वर्षांपूर्वी मी कायमची तिसरी शिफ्ट मागून घेतली होती. चाकणच्या चौकातल्या ट्रॅफिकमध्ये रोज दीड-दोन तास सडायचा कंटाळा आला होता, आणि रात्री रस्ता मोकळा असतो. सकाळी साडेआठला घरी येऊन, जेवून, मी चार वाजेपर्यंत झोपतो. आमची एक खोली आणि स्वयंपाकघर. शिट्टी होऊ नये म्हणून बायको कुकरवर डोळा ठेवून बसते आणि वाफ भरली की चिमट्याने शिट्टी अलगद उचलते. भांडी ती टॉवेलवर पालथी घालते. भाजीवाल्याला आमच्या खिडकीखाली ओरडायची बंदी आहे. मुलगी टीव्ही बघते तो आवाज बंद करून. कार्टूनमधली माणसं काय बोलत असतील ते ती स्वतःच कुजबुजत बोलते. आमच्या वरच्या आणि खालच्या मजल्यावरही रात्रपाळीची माणसं आहेत, त्यामुळे गॅलरीतल्या सगळ्या बायका दिवसा हातवारे करून बोलतात. तिच्या साडेचार वर्षांच्या जन्मातली ही दोन वर्षं, म्हणजे जवळजवळ अर्धा जन्म. ऊन आहे तोवर पप्पा झोपलेले असतात आणि हळू बोलायचं, ही गोष्ट ती केशरी रंगाच्या आणि त्रिकोणाच्या कितीतरी आधी शिकली होती. शाळा भरायची भर उन्हात. तिच्या हिशेबाने तिचं काहीच चुकत नव्हतं. दंगा करणारी बाकीची पोरंच चुकत होती.

घरी गेल्यावर बायकोला मी जोरात म्हणालो, "अगं, एवढं गप्प कशाला ठेवलंस तिला? मी काय सांगितलं होतं का?"

बायकोने गॅस बंद केला. मग म्हणाली, "तुम्ही विसरलात का वो?"

मी खरोखर विसरलो होतो. तिसरी शिफ्ट सुरू झाली त्या पहिल्या महिन्यात एका दुपारी पोरगी ताट आणि पळी घेऊन वाजवत होती. गणपतीच्या मिरवणुकीतला ढोल तिने पाहिला होता, तो वाजवत होती. मी झोपेतून उठलो, तिच्या हातातलं ताट हिसकावलं आणि दारावर फेकलं. आणि ओरडलो. काय ओरडलो ते बायकोने सांगितलं, ते मी लिहीत नाही. अडीच वर्षांची होती ती. रडलीसुद्धा नाही म्हणे, नुसती भिंतीला चिकटून उभी राहिली. मग मी परत झोपलो. उठल्यावर तिला घोडा घोडा केलं, आणि माझ्यापुरतं ते प्रकरण संपलं.

"तेव्हापासून ती दुपारी आवाज करत नाही," बायको म्हणाली. "मी शिट्टी उचलते ती तुमच्या झोपेसाठी नाही."

मला फार लाज वाटली. पण खरं सांगायचं तर त्या लाजेच्या खालून एक मोठा सुस्कारा वर येत होता. पोरगी चांगली आहे. तिच्यात खोट नाही. खोट माझ्यात आहे, आणि आपली खोट आपल्याला काढता येते. त्या दिवशी मी झोपलोच नाही. शाळा सुटायच्या वेळेला परत गेलो आणि टीचरची माफी मागून तिला सगळं सांगितलं. सांगताना माझी मान खालीच होती. वर बघितलं तर तिचा चेहरा माझ्याइतकाच हलका झालेला.

"मला वाटत होतं मलाच शिकवता येत नाही," ती म्हणाली. "तुम्ही त्या दिवशी तसं म्हणालातच."

"ते सोडा हो."

"सोडलं. पण तिचा आवाज मला सुट्टीआधी ऐकायला हवा. मोठ्या मॅडमना नुसतं कारण सांगून चालणार नाही."

मग आम्ही मुलीला समजावायला लागलो. शाळेत कोणी झोपत नाही, तिथे मोठ्याने बोलायचं असतं, असं मी दुपारी दोन वाजता तिला सांगितलं. तिने मान हलवली आणि अगदी हळू म्हणाली, "मावशी झोपतात. डबे झाल्यावर." आणखी चार दिवस आम्ही समजावलं. ती प्रत्येक वेळी "हो" म्हणायची, आणि तो "हो" ऐकायला मला कान तिच्या तोंडाशी न्यावा लागायचा. संध्याकाळी पाचनंतर मात्र कोंबडा असा आरवायचा की खालच्या मजल्यावरून हसण्याचे आवाज यायचे.

शेवटी टीचरनेच युक्ती काढली. "सुट्टी लागायच्या दिवशी तोंडी आहे. तुम्ही वर्गात येऊन बसा. दिवसा जागे असलेले पप्पा तिला दिसू देत."

नेमका तो आठवडा आमच्याकडे दिवाळीआधीच्या मालाचा. गुरुवारची सुट्टी रद्द, वर ओव्हरटाइम. त्या दिवशी बस चाकणमध्येच अडकली आणि मी शाळेत पोचलो तेव्हा वर्ग भरून अर्धा तास झाला होता. पायात सेफ्टी शूज, खांद्याला डब्याची पिशवी, अंगाला तेलाचा वास. वर्गात दोऱ्यांवर पोरांनी कापलेले कंदील टांगले होते. मावशीने मला मागे भिंतीशी एक मोठी खुर्ची दिली. मुलगी धावत आली आणि माझ्या कानाला लागली.

"पप्पा, तुम्ही झोपला नाहीत?"

"आज झोपणारच नाही. तुझा कोंबडा ऐकायचाय."

तिने माझ्या डोळ्यांकडे खात्री करून घेतल्यासारखं बघितलं आणि जागेवर गेली. टीचरने सुरुवात केली. गाय झाली. मांजर झालं. एका पोराने बकरी फार छान केली. बकरीपर्यंतचं मला आठवतंय.

पुढचं मी पाहिलेलं नाही. टीचरने सांगितलं ते आणि मावशीने सांगितलं ते जुळवून लिहितो आहे.

बकरीनंतर मी झोपलो. डोकं भिंतीला, तोंड उघडं, आणि वर घोरणं. पोरं हसायला लागली. टीचरला वाटलं, सगळी मेहनत पाण्यात गेली. दिवसा जागे असलेले पप्पा दाखवायला आणले आणि पप्पा इथेही झोपले. ती मला उठवायला निघाली तर मावशीने हात धरला. "ऱ्हाऊ द्या. रातभर राबून आलाय."

माझी मुलगी उठली. ओठांवर बोट ठेवून बाकाबाकाजवळ जाऊन प्रत्येकाला गप्प करायला लागली. कोणी ऐकेना. कुत्रा भुंकला, त्याच्या पाठोपाठ सगळा वर्ग भुंकला. मग सिंहाची पाळी आली. सिंहाला तर सगळ्यांनाच गर्जना करायची होती. तीस पोरं एकदम गरजली, खालच्या गिरणीवाल्याने वर डोकावून पाहिलं, आणि मी घोरतच होतो.

मुलगी माझ्या खुर्चीपाशी आली. बराच वेळ माझ्याकडे बघत उभी राहिली. मग मावशीच्या कानात म्हणाली, "पप्पा उठत नाहीत."

"कशाला उठत्यात?" मावशी म्हणाली. "त्यांच्या कंपनीत हत्तीएवढाल्या मशिनी हायत. त्यातनं उठून आल्यावं तुमच्या कुत्र्या-मांजरांनी काय हुतंय?"

टीचरने तेवढ्यात हळूच नाव पुकारलं आणि म्हणाली, "कोंबडा."

मुलीने माझ्याकडे बघतच मान वर केली आणि आरवली. बारीक, गळ्यातल्या गळ्यात, पण आवाज होता. टीचर म्हणते की तिच्या हातातला पेन थांबला. वर्गात कोणी हसलं नाही. मी उठलो नाही. मुलगी पुन्हा आरवली, जरा मोठ्याने. मी उठलो नाही. मग ती माझ्या अगदी समोर आली, दोन्ही हात कमरेवर ठेवले, आणि छातीत होती नव्हती तेवढी सगळी हवा घेऊन ओरडली.

तेव्हा मी उठलो.

आपण कुठे आहोत ते क्षणभर कळलं नाही. डोकं ठणकत होतं, मान अवघडली होती, आणि झोपमोड झालेल्या माणसाला जी पहिली तिडीक येते ती मला आली. समोर माझी मुलगी उभी होती. तोंड अजून उघडंच. आणि माझे डोळे उघडलेले दिसताच ती एक पाऊल मागे सरकली. मग आणखी एक. पाठ बाकाला लागली तेव्हा थांबली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. तो चेहरा मी ओळखला नाही, कारण मागच्या वेळी मी तिच्याकडे बघितलंच नव्हतं. पण तिने तेव्हा कसं बघितलं असेल ते मला दिसलं. तिडीक कुठल्या कुठे गेली.

"कोण ओरडलं?" मी विचारलं. आवाज जरा घोगराच निघाला.

"मी," ती म्हणाली. कानात नाही. लांबून म्हणाली, आणि प्रेस शॉपमध्ये बारा वर्षं काढलेल्या माझ्या कानांना ते ऐकू आलं.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच वेळी हसूही फुटलं, आणि ते दोन्ही तिला दिसू नये म्हणून लपवायचं काही कारण नव्हतं. इतक्या आनंदात मला जन्मात कोणी झोपेतून उठवलं नव्हतं.

"इकडे ये," मी म्हणालो. ती आली. "मला अर्धंच ऐकू आलं. परत ओरड."

तिने टीचरकडे बघितलं. मावशीकडे बघितलं. मग माझ्याकडे, बराच वेळ.

"तुम्ही रागावणार नाही?" तिने विचारलं.

"नाही."

"नक्की?"

"नक्की," मी म्हणालो, आणि ती ओरडली.